ठेव घेतली एकाने, ठेवली दुसऱ्याकडे. भरून कोण देणार?

एखादा ब्रोकर बुडाला किंवा एखाद्या फंडाचे शेअर जागेवर नाहीत असं उघडकीला आलं, की आपल्याकडे ठरलेली दोन भाषणं सुरू होतात. पहिलं असं की लोकांनी कागद न वाचता सह्या केल्या, हावरटपणा केला, आता रडून काय उपयोग? दुसरं असं की सेबी काय झोपली होती? टीव्हीवरच्या चर्चा, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींचा कट्टा, सगळीकडे हाच वाद आणि हीच दोन टोकं. मधल्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. ‘तुमची ठेव माझ्याकडे सुरक्षित आहे’ असं ज्याने लिहून दिलं, त्याबद्दल दरवर्षी शुल्क घेतलं आणि मग ती ठेव स्वतःजवळ न ठेवता तिसऱ्याच्या हवाली केली, तो कस्टोडियन या भांडणात कुठेच नसतो. जाणकारांच्या बैठकीत त्याचा विषय निघालाच, तर लगेच विचारलं जातं: त्याने तिसऱ्याला पारखून घेतलं होतं ना? मग त्याचा काय दोष?

माझ्या मते इथेच वादाची गाडी रुळावरून घसरते. दोष कुणाचा, किती, हे सावकाश ठरवता येईल. आधी विचारायला हवं की ठेव परत देण्याचा शब्द कुणी दिला होता. ज्याने दिला, त्यानेच ती परत द्यायची. त्याने काम पुढे कुणाकडेही सोपवलं असो, ठेवीदाराशी असलेलं त्याचं नातं त्यामुळे तसूभरही बदलत नाही. पुढच्याने बुडवलं असेल तर त्याच्याकडून वसूल करण्याचा पूर्ण हक्क कस्टोडियनला आहे. पण ते भांडण त्या दोघांचं, ठेवीदाराचं नव्हे.

हे कुणाच्या पैशाबद्दल चाललंय ते आधी नीट पाहू. साताऱ्यातली एखादी शिक्षिका दरमहा तीन हजारांची एसआयपी करते. तिचा पैसा म्युच्युअल फंडात जातो. म्युच्युअल फंड हा ट्रस्ट. त्याचे विश्वस्त वेगळे, पैसे कुठे गुंतवायचे ते ठरवणारी मालमत्ता व्यवस्थापन कंपनी वेगळी, आणि घेतलेले शेअर-रोखे प्रत्यक्ष सांभाळणारा कस्टोडियन वेगळा. ही फाळणी मुद्दाम केलेली आहे. जो खरेदी-विक्री ठरवतो त्याच्या हातात माल नसावा, हा तिच्यामागचा जुना आणि शहाणा विचार. पण त्याच बाईंनी परदेशी शेअरांच्या योजनेत पैसे घातले, तर साखळी लांबत जाते. मुंबईतल्या कस्टोडियनने एका जागतिक बँकेला नेमलेलं असतं, त्या बँकेने त्या-त्या देशात स्थानिक बँक नेमलेली असते, आणि तिचं खातं तिथल्या डिपॉझिटरीत, म्हणजे शेअरांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेत असतं. आपल्याकडच्या कित्येक फंड-ऑफ-फंड, म्हणजे दुसऱ्या फंडात पैसे घालणाऱ्या योजनांचा पैसा तर लक्झेंबर्गमधल्या फंडात जातो आणि तिथून आणखी पुढे. योजनेच्या माहितीपत्रकात बाईंना कस्टोडियन म्हणून एक नाव दिसतं. त्या एका नावावर त्यांचा विश्वास असतो. पुढच्यांना त्या ओळखत नाहीत, त्यांच्याशी त्यांचा करार नाही, आणि त्यांतला एखादा परक्या देशात बुडाला तर त्याच्या दारात उभं राहण्याची त्यांची ऐपतही नाही.

मी नव्वदीच्या सुरुवातीला फोर्टातल्या एका बँकेच्या कस्टडी विभागात कारकून म्हणून लागलो. डीमॅट यायचं होतं. तळघरातल्या व्हॉल्टमध्ये शेअर सर्टिफिकेटांचे गठ्ठे, प्रत्येकावर फोलिओ नंबर, डिस्टिंक्टिव्ह नंबर. सोबत ट्रान्सफर डीड, त्यावर चिकटवायची शेअर ट्रान्सफरची तिकिटं. सही जुळली नाही की ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणून गठ्ठा परत. बोटांना कायम डिंक आणि शाई. एकदा एका फंडाची दोनशे-अडीचशे सर्टिफिकेटं नावावर करून घेण्यासाठी रजिस्ट्रारकडे, म्हणजे कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्याकडे, कुरियरने पाठवली आणि ते पाकीट पोचलंच नाही. कुरियरवाला म्हणे आम्ही दिलं, रजिस्ट्रार म्हणे आम्हाला मिळालं नाही. आमच्या विभागात दोन दिवस पत्रांचे मसुदे चालले होते. सगळ्यांचा सूर एकच: आपण पोचपावतीसकट पाठवलं, कुरियर कंपनी नावाजलेली, आपली काही चूक नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या मोठ्या साहेबांनी फाइल मागवली. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “आपल्या रजिस्टरला हे शेअर कुणाकडे आहेत म्हणून लिहिलंय?” मी म्हणालो, “साहेब, आपल्याकडे.” “मग आपण द्यायचे. बाजारातून घ्या आणि फंडाच्या नावे लावा. कुरियरचं मी बघतो.” त्या दिवशीच्या भावाने ते शेअर विकत घेतले गेले. मग पोलिसात तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, डुप्लिकेट सर्टिफिकेटांसाठी हमीपत्र, हे सोपस्कार बँकेने आपल्या खर्चाने सात-आठ महिने केले. फंडाच्या युनिटधारकांना यातलं काही कळलंही नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं.

साहेबांनी कुठला कायदा उघडून पाहिला नव्हता. त्यांना जे उमगलं होतं ते आपल्याकडे फार आधी लिहून ठेवलेलं आहे. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात ठेवीचं प्रकरण आहे. तिथे ठेवीचे प्रकार सांगताना ‘अन्वाहित’ असा एक शब्द येतो. त्याचा अर्थ या स्मृतीवरच्या मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वराने उलगडला आहे: एकाच्या हाती ठेवलेली वस्तू त्याने मागाहून ‘मालकाला दे’ असं सांगून दुसऱ्याच्या हाती ठेवली, तर ते अन्वाहित. म्हणजे आज ज्याला आपण सब-कस्टडी म्हणतो, त्याला नाव देण्याची गरज आपल्या धर्मशास्त्रकारांना वाटली होती. आणि नियम काय? उघड्या ठेवीला, बंद ठेवीला लागू असलेलाच विधी याही ठेवीला लागू. राजाने नेली, दैवाने नष्ट झाली किंवा चोरांनी लुटली तर ठेव घेणारा सुटतो. पण मालकाने मागितल्यावर दिली नाही आणि मग ती नाहीशी झाली, तर त्याने भरून द्यायची आणि वर तेवढाच दंड.

यावर कुणी म्हणेल, पाहा, तिथे चोरांची सूट आहे! सब-कस्टोडियनने अफरातफर केली म्हणजे चोरीच झाली, मग मूळ कस्टोडियन सुटायला नको का? इथे दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. स्मृतींमधली ठेव हा प्रामुख्याने विश्वासाचा, शेजारधर्माचा व्यवहार. तीर्थयात्रेला निघालेला माणूस ओळखीच्या घरी दागिन्यांचा डबा ठेवून जाई. सांभाळणाऱ्याला त्याचं भाडं मिळत नसे. फुकट उपकार करणाऱ्याला चोरीचा भुर्दंड लावणं अन्यायाचं, म्हणून ती सूट. कस्टोडियन मात्र उपकार करत नाही, धंदा करतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भिंत फोडून आत शिरलेला चोर वेगळा आणि ज्याच्या हातात आपणच किल्ली दिली तो वेगळा. पहिल्याला ठेव घेणाऱ्याने निवडलेलं नसतं. दुसऱ्याला त्यानेच निवडलं, त्यानेच आत घेतलं.

मुंबईच्या झवेरी बाजारातली आंगडियांची, म्हणजे मौल्यवान माल हातोहात पोचवणाऱ्यांची पेढी याच समजुतीवर उभी आहे. हिऱ्यांचं पाकीट पेढीच्या माणसाकडून रस्त्यात गहाळ झालं तर व्यापारी त्या माणसाचा पत्ता शोधत बसत नाही. तो पेढीवर जातो. इंग्रजी कायद्यातही मालवाहतूकदाराची जबाबदारी अशीच कडक होती, आणि तीच आपल्याकडे आली. १८६५ च्या कॅरियर्स ॲक्टमध्ये स्पष्ट तरतूद होती की माल हरवल्याचा दावा लावणाऱ्याने वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. कारण उघड आहे. मुंबईत माल चढवणाऱ्याला घाटात काय घडलं ते कसं कळणार? ज्याच्या ताब्यात माल आहे, त्यालाच काय झालं ते ठाऊक. मग सिद्ध करण्याचं ओझं कुणावर टाकायचं? कापसाच्या गाठींबाबत दीडशे वर्षांपूर्वी जे मान्य झालं, ते लाखो लोकांच्या म्हातारपणच्या पुंजीबाबत मान्य करायला आपण एवढे का बिचकतो?

आपला १८७२ चा करार कायदाही या बाबतीत गोंधळलेला नाही. त्यात दोन वेगळ्या वाटा आखून दिलेल्या आहेत. कलम १९२ म्हणतं की एजंटाने रीतसर उप-एजंट नेमला तर त्याच्या कृत्यांबद्दल एजंट मालकाला जबाबदार राहतो. उप-एजंट हा एजंटाला जबाबदार, मालकाला नाही, फसवणूक किंवा जाणूनबुजून केलेल्या गैरकृत्याचा अपवाद सोडून. कलम १९४ आणि १९५ ची वाट निराळी: एजंटाने मालकाच्या वतीने दुसऱ्या माणसाचं नाव सुचवलं आणि तो थेट मालकाचाच एजंट झाला, तर पहिल्या एजंटाने फक्त शहाण्या माणसाइतकी काळजी घेऊन निवड केली की त्याची जबाबदारी संपते. कस्टडीच्या धंद्यातले वकील करार लिहितात ते पहिल्या वाटेवरून चालायचं आणि सुटका मात्र दुसऱ्या वाटेची घ्यायची, अशा बेताने. सब-कस्टोडियन आम्ही नेमणार, शुल्क आम्ही ठरवणार, हिशेब आम्हालाच येणार, ग्राहकाने त्याच्याशी थेट बोलायचं नाही. पण तो बुडाला तर ‘आम्ही योग्य काळजी घेऊन निवड केली होती’. हे दोन्ही एकाच वेळी कसं चालेल? निवडीपुरतीच जबाबदारी हवी असेल तर ग्राहकाला समोर बसवून, नावं सांगून, त्याचा थेट करार करून द्या. ते नको असेल तर कलम १९२ ची जबाबदारी निमूटपणे घ्या.

हा वाद जगात सगळ्यात मोठ्या आवाजात झाला तो बर्नार्ड मॅडॉफच्या अटकेनंतर. ११ डिसेंबर २००८. न्यूयॉर्कच्या या गृहस्थाच्या ग्राहकांच्या कागदोपत्री खात्यांत मिळून सुमारे ६५ अब्ज डॉलर दिसत होते आणि त्यामागचे शेअर कधी विकत घेतलेच गेले नव्हते. मॅडॉफची कंपनीच गुंतवणुकीचे निर्णय घेई, तीच ब्रोकर, आणि माल सांभाळणारीही तीच. वर सांगितलेली फाळणी तिथे पुसली गेली होती. पण हे अमेरिकेपुरतं राहिलं नाही. लक्झेंबर्गमध्ये ‘लक्सअल्फा’ नावाचा सुमारे १४० कोटी डॉलरचा फंड होता. युरोपातल्या सामान्य गुंतवणूकदारांसाठीच्या नियमांखाली नोंदलेला. त्याची डिपॉझिटरी बँक (युरोपात फंडाच्या कस्टोडियनला डिपॉझिटरी म्हणतात) होती यूबीएसची लक्झेंबर्गमधली कंपनी. ‘हेराल्ड’ आणि आयर्लंडमधला ‘थेमा’ या फंडांची डिपॉझिटरी एचएसबीसीच्या कंपन्या. कागदावर जगातल्या सर्वांत मोठ्या बँकांपैकी दोन. प्रत्यक्षात माल सोपवलेला मॅडॉफकडे. लोकांनी पाहिली ती बँकांची नावं.

मग कायदा काय सांगत होता? फंडांबाबतच्या १९८५ च्या युरोपीय निर्देशात आधीपासून लिहिलेलं होतं की डिपॉझिटरीने ठेव तिसऱ्याकडे सोपवली म्हणून तिची जबाबदारी बदलत नाही. एवढं स्वच्छ वाक्य! पण त्याच निर्देशात पुढे आणखी एक शब्द होता: कर्तव्य पार पाडण्यातल्या ‘असमर्थनीय’ कसुरीबद्दल डिपॉझिटरी जबाबदार, आणि तेही त्या-त्या देशाच्या कायद्यानुसार. या एका शब्दाने सगळं वाक्य पोखरलं. फ्रान्सने त्याचा अर्थ घेतला ठेव परत देण्याचं कर्तव्य. त्याच सुमाराला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली तेव्हा तिच्या लंडनच्या कंपनीकडे अडकलेले शेअर फ्रेंच फंडांना डिपॉझिटरी बँकांनी परत द्यावेत, असं पॅरिसच्या अपील न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये ठरवलं आणि मे २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. लक्झेंबर्गमध्ये मात्र प्रश्न विचारला गेला देखरेख पुरेशी होती का, काळजी घेतली होती का. मार्च २०१० मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितलं की युनिटधारकांना डिपॉझिटरीवर थेट दावा लावता येणार नाही. तो हक्क फंडाच्या लिक्विडेटरचा, म्हणजे बुडालेल्या फंडाचा कारभार गुंडाळणाऱ्याचा. शब्द तेच, निर्देश तोच, बाजारपेठ एकच. पॅरिसमध्ये फंड घेतला तर माल परत, लक्झेंबर्गमध्ये घेतला तर वर्षानुवर्षांची कोर्टबाजी.

युरोपने यातून धडा घेतला. २०११ च्या पर्यायी फंडांच्या (हेज फंडांसारख्या) निर्देशात आणि २०१४ च्या सामान्य लोकांच्या फंडांच्या दुरुस्तीत लिहिलं गेलं की सांभाळायला दिलेला रोखा हरवला, मग तो डिपॉझिटरीकडून हरवो की तिने नेमलेल्याकडून, तिने तसाच रोखा किंवा तेवढी रक्कम विनाविलंब परत करायची. सुटका एकाच अटीवर: नुकसान तिच्या आवाक्याबाहेरच्या बाह्य घटनेने झालं आणि सर्व वाजवी प्रयत्न करूनही ते टळलं नसतं, हे तिने स्वतः सिद्ध केलं तर. पर्यायी फंडांत काही अटींवर करार करून जबाबदारी पुढच्याकडे वळवायची मुभा ठेवली. सामान्य लोकांच्या फंडांत तीही काढून टाकली.

आता विरोधी बाजूचं बोलणं प्रामाणिकपणे ऐकायला हवं, कारण त्यात दम आहे.

पहिलं: याचा खर्च शेवटी गुंतवणूकदारालाच पडणार. कस्टोडियनने जोखीम घेतली की तो शुल्क वाढवणार आणि ते फंडाच्या खर्चातून जाणार. हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण जोखीम आज नाहीशी झालेली नाही. ती युनिटधारकाच्या डोक्यावर आहे, फक्त तिची किंमत कुठे छापलेली नाही. कस्टोडियनच्या हाती ती गेली तर तो तिची किंमत लावील, विमा काढील, आणि मुख्य म्हणजे ज्या सब-कस्टोडियनचा भरवसा नाही त्याच्याकडे माल ठेवणार नाही. युनिटधारक यातलं काय करू शकतो? साताऱ्याच्या बाईंनी ब्राझीलमधल्या बँकेचा ताळेबंद तपासायचा का? जो धोका टाळू शकतो त्याच्याकडेच धोका असावा, एवढं साधं आहे हे.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. काही देशांत स्थानिक कस्टोडियन नेमण्याची सक्तीच असते. तिथे निवडीला वाव कुठे? आणि २०२२ मध्ये रशियाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर निर्बंध आणि प्रतिनिर्बंध आले, परदेशी फंडांचे रशियन शेअर तिथेच अडकले, फंडांनी त्यांची किंमत जवळजवळ शून्य धरली. त्याचा भुर्दंड कस्टोडियनने भरायचा का? माझं उत्तर स्पष्टपणे नाही असं आहे. सरकारी आज्ञेने गोठलेली मालमत्ता म्हणजे याज्ञवल्क्याच्या हिशेबात राजाने नेलेली ठेव. कुठल्या देशात पैसे घालायचे हा निर्णय फंड व्यवस्थापकाचा, आणि त्या देशाच्या राज्यकर्त्यांची जोखीम त्या निर्णयासोबत येते. पण या अपवादाचं तोंड अरुंद ठेवायला हवं. सरकारने गोठवलं ते वेगळं; स्थानिक बँकेने ग्राहकांचा माल स्वतःच्या मालात मिसळला आणि मग ती बुडाली, हे वेगळं. ‘दिवाळखोरी ही बाह्य घटना आहे’ हे म्हणणं मी मान्य करणार नाही. माल वेगळा ठेवला आहे की नाही, हे तपासणं हेच तर कस्टोडियनचं काम. त्या कामाचंच तो शुल्क घेतो.

तिसरं म्हणतात की लक्सअल्फासारख्या प्रकरणात मॅडॉफला बँकेने निवडलंच नव्हतं. फंडाच्या प्रवर्तकांनी आधीच ठरवलं होतं आणि बँकेने फक्त आपलं नाव दिलं. हे बँकांच्या बाजूचं म्हणून सांगितलं जातं, पण मला तरी हा त्यांच्यावरचा सगळ्यात गंभीर आरोप वाटतो. नाही म्हणता येणं हाच कस्टोडियनचा उपयोग. ज्याला नाही म्हणायचं नाही, त्याने माहितीपत्रकावर आपलं नाव छापू देऊ नये. एचएसबीसीने मॅडॉफच्या कारभारातले धोके तपासणारे अहवाल केपीएमजी या लेखापरीक्षण संस्थेकडून २००६ आणि २००८ मध्ये करून घेतले होते, असं पुढे उघड झालं. म्हणजे शंका आली होती, तपासही केला, आणि माल तिथेच राहिला. निव्वळ ‘योग्य काळजी’ची कसोटी लावली तर असे अहवाल बचावाचा कागद ठरतात. परत देण्याची कसोटी असती, तर तोच अहवाल वाचून कुणीतरी माल बाहेर काढायचा आग्रह धरला असता.

एक आक्षेप असा आहे की त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जबाबदारी इतकी कडक केली तर कस्टडीच्या धंद्यात चार-पाच महाकाय बँकाच उरतील, लहान संस्था बाहेर पडतील, आणि मग त्यांतली एक कोसळली तर? ही भीती खरी आहे. कस्टोडियनच्या किमान भांडवलाची अट, ग्राहकांच्या मालाच्या वेगळेपणाची दैनंदिन पडताळणी, यांनी ती थोडी कमी होते, जात नाही. तरीही एक गोष्ट मनात येते: ठेव परत देण्याची ऐपत नसलेली लहान संस्था केवळ स्पर्धा राहावी म्हणून बाजारात ठेवायची, तर त्या स्पर्धेची किंमत कोण मोजतंय?

आपल्याकडचा अनुभव या सगळ्यापासून लांब नाही. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात नेमकं काय झालं होतं? बँका एकमेकींना बँक रिसीट देत: रोखे आमच्याकडे आहेत, नंतर देतो. बँक ऑफ कराडसारख्या छोट्या बँकेने मागे रोखे नसताना अशा पावत्या दिल्या आणि मोठमोठ्या बँकांनी त्या डोळे मिटून स्वीकारल्या. कराड-साताऱ्याकडच्या ज्या घरांतल्या ठेवी त्या बँकेत होत्या, त्यांना त्या वर्षीचे दिवस आठवत असतील. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने चार हजार कोटींहून जास्त रकमेचं भगदाड दाखवलं. मुळाशी होतं ते हेच: ‘माल माझ्याकडे आहे’ या कागदामागे माल नव्हता आणि तो कागद देणाऱ्याने काय भरून द्यायचं हे धूसर होतं.

त्यानंतर १९९६ चा डिपॉझिटरीज ॲक्ट आला आणि त्याच्या कलम १६ मध्ये, माझ्या मते, आपल्या कायदेकर्त्यांनी युरोपच्या पंधरा वर्षं आधी बरोबर उत्तर लिहिलं. डिपॉझिटरीच्या किंवा तिच्या पार्टिसिपंटच्या, म्हणजे ग्राहकाचं डीमॅट खातं सांभाळणाऱ्या डीपीच्या निष्काळजीपणामुळे लाभधारक मालकाचं, म्हणजे शेअरच्या खऱ्या मालकाचं नुकसान झालं, तर भरपाई डिपॉझिटरीने करायची. आणि चूक डीपीची असेल तर डिपॉझिटरीने ती रक्कम मग त्याच्याकडून वसूल करायची. आधी ठेवीदाराला द्या, मग आपापसात भांडा. आमच्या साहेबांनी कुरियरच्या बाबतीत केलं तेच.

पण या कलमातही एक शब्द आहे: निष्काळजीपणा. कार्व्ही या ब्रोकरच्या प्रकरणात तो शब्द किती अडतो ते दिसलं. २२ नोव्हेंबर २०१९ च्या अंतरिम आदेशात सेबीने नोंदवलं की या ब्रोकरने मुखत्यारपत्राचा वापर करून ग्राहकांचे शेअर स्वतःच्या खात्यात वळवले आणि ते तारण ठेवून कर्ज उचललं. ९५ हजारांहून अधिक ग्राहक, २,३०० कोटींहून अधिक किमतीचे रोखे. ब्रोकर तोच, डीपी तोच, ग्राहकाच्या वतीने सही करणाराही तोच. मॅडॉफच्या कंपनीतली गाठ इथेही तशीच मारलेली. २ डिसेंबरला एनएसडीएल या डिपॉझिटरीने ८२ हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यात परत वळवले. ग्राहकांना माल मिळाला, हे फार चांगलं झालं. पण ज्या बँकांनी त्या तारणावर कर्ज दिलं होतं त्या रोखे अपील लवादाकडे गेल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये लवादाने त्यांच्या बाजूने निकाल देताना तारण पूर्ववत करा किंवा भरपाई द्या, असं सेबी, एनएसई आणि एनएसडीएलला सांगितलं. म्हणजे चार वर्षांनंतरही भुर्दंड नेमका कुणाचा, हा वाद चालूच. मधल्या काळात सेबीने पुष्कळ चांगलं केलं: सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठीचं (म्हणजे व्यवहाराच्या हमीसाठीचं) तारण ग्राहकाच्याच डीमॅट खात्यातून नोंदवायची पद्धत आणली, सरसकट मुखत्यारपत्रांना आळा घातला. हे सगळे उपाय चोरी अवघड करणारे आहेत. चोरी झालीच तर कोण भरणार, हे त्यांतून ठरत नाही.

म्युच्युअल फंडांच्या कस्टोडियनबद्दल तर एवढीही स्पष्टता नाही. १९९६ च्या कस्टोडियन नियमांनी काम दुसऱ्याकडे सोपवायला बंधन घातलं: ज्याच्याकडे सोपवायचं तोही नोंदणीकृत कस्टोडियन हवा. सोपवायचं कुणाकडे, याची काळजी तिथे घेतलेली आहे. सोपवल्यावर बुडालं तर देणं कुणाचं, हे मात्र मुख्यतः फंड आणि कस्टोडियन यांच्यातल्या करारावर सोडलेलं आहे, आणि तो करार युनिटधारकाच्या नजरेला पडत नाही. १८८२ च्या ट्रस्ट कायद्यानुसार विश्वस्ताला आपलं कर्तव्य मन मानेल तसं दुसऱ्यावर ढकलता येत नाही. मग विश्वस्तांनी कस्टोडियनशी करार करताना ‘सब-कस्टोडियनच्या नुकसानीला आम्ही जबाबदार नाही’ असं कलम का स्वीकारावं? ज्यांच्या वतीने ते सही करतात, त्यांचा हक्कच ते त्या सहीने सोडून देत नाहीत का?

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. कलम १६ मधला निष्काळजीपणाचा उंबरठा काढा: रोखा हरवला की परत द्यायचा, आणि बाह्य, अटळ घटनेने हरवला असं ज्याला म्हणायचं असेल त्यानेच ते सिद्ध करायचं. हाच नियम फंडांच्या कस्टोडियनना लावा, देशातल्या आणि परदेशातल्या सब-कस्टोडियनसकट, आणि किरकोळ गुंतवणूकदारांच्या योजनांत करार करून त्यातून बाहेर पडायची वाट बंद करा. योजनेच्या माहितीपत्रकात जिथे कस्टोडियनचं नाव आणि नोंदणी क्रमांक छापतात, तिथेच त्याखाली साखळीतल्या पुढच्या बँकांची नावं आणि त्यांच्यातल्या कुणाकडे माल हरवला तर तो कोण परत देईल याचं एक वाक्य छापा, साध्या मराठीत, त्याच टायपात. साताऱ्याच्या बाई ते वाचतील की नाही हा त्यांचा प्रश्न. पण ते वाक्य लिहायला बसलेल्या वकिलाला आपल्या बँकेचं नाव त्यात घालावं लागेल, आणि ते घालण्याआधी बँक त्या पुढच्या नावांकडे पुन्हा एकदा नीट पाहील.